मामंजी सरहद्द ओलांडतात

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा सासरच्या घरात विजेचा दिवा नव्हता, पण वर्तमानपत्रं मात्र एक सोडून तीन येत. तिन्ही मामंजीच वाचत, आणि त्यातलं भीती वाटण्याजोगं तेवढं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत. कुठे दरोडा पडला, कुठल्या धर्मशाळेत प्रवाशाला गुंगीचं औषध दिलं, कोणत्या घाटात मोटार अडवली. सासूबाई तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं, आपण कुठे जातच नाही."

मामंजी ठाण्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. इंग्रज असेपर्यंत ते काळी टोपी घालत. स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी पांढरी घालून कचेरीत गेले ते शेवटपर्यंत. काळी त्यांनी ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्या घालून ठेवून दिली होती. टाकली नव्हती. सरकार पुन्हा बदललं तर, असं काही त्यांच्या मनात असेल असं मी म्हणणार नाही, पण कचेरीत जन्म काढलेला माणूस कुठलीच वस्तू लगेच निकाली काढत नाही.

आमची कुलदेवी गोव्यात, फोंड्याच्या अंगाला. नव्या सुनेने जाऊन तिची ओटी भरायची ही घराची रीत. आणि गोवा तेव्हा परका देश होता. आपण स्वतंत्र झालो, पण आमची देवी पोर्तुगीजांच्या राज्यात राहिली. मामंजींनी वर्षभर आज जाऊ उद्या जाऊ करत टाळलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सुनेला दिवस राहिले आणि काही वेडंवाकडं झालं, तर मी तुमच्या वर्तमानपत्रांना विचारू का?" मग तयारीला सुरुवात झाली.

तयारी म्हणजे सामानाची नव्हे, सुरक्षिततेची. पैसे एका ठिकाणी ठेवायचे नाहीत. दागिने घालायचे नाहीत. अनोळखी माणसाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. हे सगळं ठीक होतं. पण एका रविवारी मामंजींनी आम्हाला पडवीत ओळीने उभं केलं. मी, सासूबाई आणि माझे यजमान. स्वतः खुर्चीवर बसून ते पोर्तुगीज अधिकारी झाले.

"गोव्यात कशासाठी आलात?"

"देवदर्शनाला," यजमान म्हणाले.

"हं. या बाई कोण? बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा."

मी भांबावले. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे उखाण्याशिवाय कसं घेणार? मी खाली मान घालून लग्नातला उखाणा म्हणून टाकला.

"परकीय अधिकाऱ्यापुढे उखाणा चालायचा नाही!" मामंजी ओरडले.

"मग मी येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं नाव घेतलं नाही, ते आता पोर्तुगीजासाठी घेऊ?" आणि त्या आत निघून गेल्या. तालीम तिथेच संपली.

आम्ही परदेशी निघालो ही बातमी गावभर झाली. डोंबिवली तेव्हा एवढीशी. रोज कोणीतरी सावध करायला यायचं. तिकडे पांढरी टोपी दिसली की तुरुंगात टाकतात, तिकडे 'जयहिंद' म्हटलं की चाबकाने फोडतात, तिकडच्या सोल्जराला माणूस मारल्याचा जाबच द्यावा लागत नाही. हे सांगून झालं, चहा पिऊन झाला, की मंडळी हळूच पुढे सरकायची. तिकडे म्हणे दाढीची पाती फार छान मिळतात. घड्याळं अगदी स्वस्त. नायलॉनचं एखादं पातळ मिळालं तर बघा. दारूबंदीच्या सरकारी कामावर असलेले एक गृहस्थ आमच्या आळीत राहत. चोरट्या मालावर तासभर बोलून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "आमच्या आईचा खोकला काही हटत नाही. ब्रँडीची एखादी लहान बाटली... औषधापुरती."

मामंजी ताडकन उठले. "मी सरकारी नोकरीत कधी एक टाचणी घरी आणली नाही. सरहद्दीवरून पातीसुद्धा आणणार नाही!"

गृहस्थ म्हणाले, "अर्थातच, अर्थातच," आणि जाताना सासूबाईंना बाजूला घेऊन पुन्हा तेच सांगून गेले.

एकट्या घरमालकांनी काही मागितलं नाही. ते मूळचे इथलेच, आगरी. पूर्वी भातशेती आणि खाडीकडे मिठागर, आता जागेवर चाळी. पायरीवर बसून ते म्हणाले, "साहेब, परक्या मुलखान चाललाव, जपून जा. आपले गावान कसा, चोर पन वलकीचा न पोलिस पन वलकीचा. तथं दोघं बी परकं."

प्रवास कल्याणहून पुणे, पुण्याहून लोंढा, तिथून कॅसलरॉक. कॅसलरॉकला आपली हद्द संपायची. पुढे घाट, बोगदे, आणि खाली कुळेला पोर्तुगीजांचा नाका. कॅसलरॉकपर्यंत कोणी आम्हाला गुंगीचं औषध दिलं नाही. एका बाईने चकल्या देऊ केल्या. त्या मामंजींनी नाकारल्या. बाईने मग आमच्यादेखत सगळ्या खाल्ल्या आणि तिला काहीच झालं नाही. मामंजींना ते फारसं आवडलं नाही.

खरी अडचण टोपीची होती. आपल्या नाक्यावर काळी टोपी बरी दिसत नाही, त्यांच्या नाक्यावर पांढरी चालत नाही. मामंजींनी दोन्ही घेतल्या होत्या. कॅसलरॉक सुटलं, गाडी पहिल्या बोगद्यात शिरली आणि डब्यात अंधार झाला. बाहेर उजेड आला तेव्हा मामंजींच्या डोक्यावर काळी टोपी होती आणि चेहऱ्यावर काहीच घडलं नसल्याचा भाव. समोरचा माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. दूधसागरचा धबधबा अगदी खिडकीशी आला. सगळा डबा तिकडे धावला, पण तो माणूस मामंजींच्या टोपीकडेच बघत होता.

कुळेला कोणी काही विचारलं नाही. ट्रंक उघडली, मिटली, खडूची खूण केली, झालं. मामंजी थोडे नाराजच झाले. दर्शन उत्तम झालं. ओटी भरली. पुजाऱ्यांनी कुंकू, फुलं, अंगारा कागदात बांधून दिला. चोर एकही भेटला नाही.

प्रकार घडला तो परतताना. कुळेला सामानाच्या तपासणीची रांग होती. आमच्या पुढे दोन माणसं सोडून एक तरुण होता. शिपायाने त्याच्या पिशवीतून पांढरी टोपी काढली, काही न बोलता त्याला बाजूला घेतलं आणि एका खोलीत नेलं. दार लागलं. मामंजींची पांढरी टोपी त्यांच्या कोटाच्या खिशात होती. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. ते यजमानांना म्हणाले, "मला जरा बसायचंय." बसायला जागा नव्हती.

सासूबाईंनी हात पुढे केला. "आणा ती इकडे."

"काय?"

"टोपी."

त्यांनी पदराआड टोपी उघडली, देवीचा सगळा प्रसाद तिच्यात ओतला, अंबाड्यातल्या गजऱ्याचा दोरा ओढून काढला आणि टोपीचं तोंड आवळून बांधलं. कुंकू ओलसर होतं, ते लगेच कापडातून फुटलं. हे सगळं होईतो आमची पाळी आली. शिपाई तिथलाच होता, कोकणी बोलणारा. गळ्यात क्रूस. त्याने पुरचुंडीवर बोट ठेवलं.

"हें कितें?"

सासूबाई मालवणकडच्या. त्या आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "परसाद रे बाबा, देवीचो."

त्याने पुरचुंडी हातात घेतली, फिरवून पाहिली. मला वाटलं, संपलं. तो इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "मातसो म्हाका दी. आवय दुयेंत आसा." त्याची आई आजारी होती. सासूबाईंनी दोरा सैल करून त्याला अंगारा आणि एक फूल दिलं. त्याने ते कागदात गुंडाळून खिशात ठेवलं, आमच्या ट्रंकेवर न उघडताच खूण केली आणि पुढच्या माणसावर खेकसला.

गाडी घाट चढायला लागली तेव्हा मामंजींच्या तोंडावर जरा तरतरी आली. पण आता टोपी बदलता येईना, तिच्यात देवी होती. आणि कॅसलरॉकला आपला तरुण अधिकारी आला तो देशभक्त निघाला.

"आजोबा, हे काय? गांधीटोपीची पिशवी? हिच्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुम्ही तिच्यात कुंकू बांधता?"

"तसं नव्हे, त्याचं असं झालं की..."

"आणि डोक्यावर काळी टोपी! कुठल्या देशाचे आपण?"

मामंजी गोंधळून म्हणाले, "डोंबिवलीचे."

अधिकाऱ्याने आमची ट्रंक फलाटावर पालथी केली. घडी न घडी झटकली. काही सापडेना तसा तो आणखी चिडला. इतका स्वच्छ प्रवासी त्याने पाहिला नसावा. परक्या देशाने जे सोडलं ते आपल्या देशाने तास दीड तास उचकलं. आम्ही पुन्हा घड्या घालत बसलो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याची आई बरी असेल बहुतेक."

डोंबिवलीला आलो आणि त्याच संध्याकाळपासून मंडळी पडवीत जमू लागली. पहिल्या दिवशी मामंजींनी खरं तेच सांगितलं, फक्त दोऱ्याचा भाग गाळला. दुसऱ्या दिवशी शिपायाच्या हातात बंदूक आली. आठवड्याने ती बंदूक मामंजींच्या छातीला लागली. महिना संपेतो मामंजी पोर्तुगीज अधिकाऱ्याला ठणकावत होते, "प्राण गेला तरी टोपी देणार नाही!" ती टोपी आतल्या खुंटीवर टांगलेली असे. तिच्यावरचा लाल डाग कितीही धुतला तरी गेला नव्हता. मंडळी तो डाग बघून गप्प होत. तो रक्ताचा आहे असं मामंजी कधीही म्हणाले नाहीत. कुंकवाचा आहे असंही म्हणाले नाहीत. कथा छातीपर्यंत आली की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढायचा, आणि मी सासूबाईंकडे बघायचं टाळायची.

कल्याणच्या कॅम्पातून एक सिंधी गृहस्थ खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार येत. एकदा मामंजींनी त्यांनाही बसवून सगळी कथा ऐकवली. घरदार, शेती, सगळं पलीकडे ठेवून आलेला माणूस तो. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, गाठोड्याची गाठ मारली आणि म्हणाले, "टोपी वापस ले आए साहब, बहुत अच्छा हुआ." मामंजींना तो गौरव वाटला.

मग मामंजी सरहद्दीच्या बाबतीतले आमच्या भागातले जाणकार झाले. शाळेत त्यांचं 'परदेश प्रवासात घ्यावयाची खबरदारी' या विषयावर भाषण झालं. ठाण्यालाही एकदा बोलावलं. काही म्हणता काही न घडलेल्या प्रवासावर माणूस किती बोलू शकतो, ते मी त्या वर्षात पाहिलं.

पुढे गोव्याचं वातावरण तापलं. गाड्या बंद होणार, नाके बंद होणार, असं ऐकू येऊ लागलं. गावोगावहून सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या. आमच्याकडूनही एक निघायची ठरली. पुढाकार होता शाळेतल्या एका तरुण मास्तरांचा. ते सरळ आमच्याकडे आले.

"आपण पुढे असलं पाहिजे. आपल्याला वाट ठाऊक आहे."

मामंजींना वाट ठाऊक होती ती डब्याच्या खिडकीतून, आणि त्यातली बरीचशी बोगद्यातली. ते म्हणाले, "माझं वय..."

"छातीला बंदूक लागली तेव्हा आपण वय बघितलं नाहीत," मास्तर भक्तिभावाने म्हणाले.

ते गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या. "आता खरं सांगून टाका. नाहीतर मी सांगते."

"उद्या सकाळी सांगतो," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

सकाळी ते खरंच निघाले. पायरी उतरतात तोच घरमालकांच्या कारभारीणबाई समोर आल्या. त्यांचा थोरला मुलगा, नुकतंच लग्न ठरलेला, तुकडीत जायला हटून बसला होता. घरमालकांनी शिव्या दिल्या, तो ऐकेना. बाई भर अंगणात मामंजींच्या पायांवर वाकल्या.

"साहेब, तुमी हाव म्हनून सोरतंय मी त्याला. नायतर खोलीन कोंडून ठेवला असता. त्याचा हात सोरू नका."

मामंजी तसेच उभे राहिले. मग मागे वळले, घरात आले आणि सासूबाईंना म्हणाले, "माझी वळकटी बांध."

सासूबाई काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी वळकटी बांधली. खुंटीवरची टोपी काढून द्यायला गेल्या, तर ते म्हणाले, "ती नको. धुतलेली दे."

कल्याण स्टेशनवर निरोपाला ही गर्दी. हार, घोषणा, भाषणं. दारूबंदीवाले गृहस्थ फारच जोरात बोलले. स्वतःला यायची इच्छा असून सरकारी नोकरीमुळे येता येत नाही, हे त्यांनी तीनतीनदा सांगितलं. कुठल्याशा वक्त्याने मामंजींना सिंह म्हटलं. सिंह दारातल्या दांड्याला घट्ट धरून उभा होता आणि घरमालकांचा मुलगा त्याच्या शेजारी दात काढून हसत होता. सासूबाई गाडी हलेपर्यंत बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "त्यांनी चष्मा दुसरा घेतलाय, वाचायचा. लांबचं दिसायचं नाही."

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. वर्तमानपत्रं येत होती. आता ती सासूबाई माझ्याकडून वाचून घेत. लाठीमार, गोळीबार, मेलेली माणसं. मी वाचताना ओळी गाळायची. "गाळू नकोस," त्या म्हणायच्या, "मला कळतं तू कुठे थांबतेस ते." टिटवाळ्याच्या गणपतीला त्या पावसात पायी जाऊन आल्या. आल्या तेव्हा पाय सुजले होते.

एका दुपारी घरमालकांच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावलो. मुलगा परत आला होता. त्याच्या खांद्याला टेकून मामंजी उभे होते. उजवा हात फळकुटांना बांधलेला, एक डोळा सुजून मिटलेला, टोपी नाही, चष्मा नाही. सासूबाईंना ओळखायलाही त्यांना क्षणभर वेळ लागला.

मंडळी जमली. सगळ्यांना ऐकायचं होतं. मामंजी म्हणाले, "मला जरा पडू द्या," आणि आत गेले. सांगितलं ते घरमालकांच्या मुलाने, पायरीवर बसून.

"रातभर चालत व्हतो, चिखलान. तवा साहेब लय घाबरलं व्हतं. माझा हात घट्ट धरून व्हतं. तोंडानं रामरक्षा. पलीकरं गेलो न शिपाय आलं. मी बोललो, साहेब, मागं व्हा. त्ये बोलतात, तुझे आयशीला काय सांगू? न माझे पुढंच उभं रायलं. पयली काठी त्यांनाच लागली. पन हात सोरला नाय. हात मोडला त्यो धरलेला त्योच."

"घोषणा दिली असेल ना त्यांनी?" कोणीतरी विचारलं.

मुलाने आठवून पाहिलं. "नाय. 'आई गं' बोललं."

लोकांची जरा निराशा झाली.

वाचनालयाने सत्कार ठरवला. अध्यक्ष कोण, तर आळीतले दारूबंदीवाले गृहस्थ. मामंजींना बोलायचा आग्रह झाला. ते उठले, म्हणाले, "गेलो, मार खाल्ला, परत आलो," आणि बसले. टाळ्या पडल्या, पण लोकांचं पोट भरलं नाही. मग सासूबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या जन्मात कधी सभेत बोलल्या नव्हत्या. पदर सावरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिल्या प्रवासाची हकिगत सांगितली, जशी झाली तशी. बोगद्यात टोपी बदलली. रांगेत घाम फुटला. बंदूक नव्हती, शिपायाची आई आजारी होती, आणि डाग कुंकवाचा आहे. मी मामंजींकडे बघितलं. ते मान खाली घालून ऐकत होते आणि मध्येच, अगदी हळू, बरोबर आहे अशी मान हलवत होते.

सभा आधी चकित झाली, मग खदखदून हसली, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "धन्य ती माउली! पतीच्या पराक्रमाला दृष्ट लागू नये म्हणून केवढा हा विनय!"

"अहो, विनय नाही, खरं आहे ते," सासूबाई ओरडून म्हणाल्या. त्यावर आणखी टाळ्या.

चिखल तुडवत घरी येताना त्या संतापल्या होत्या. "मेल्यांना खरं सांगितलं तर खोटं वाटतं!" मामंजी डाव्या हाताने धोतर सावरत चालले होते. मग म्हणाले, "तू चांगलं बोललीस. मला जमलं नसतं."

हात नीट जुळला नाही, कोपरात वाकडाच राहिला. पहिले काही महिने त्यांना त्या हाताने घासही घेता येईना. डाव्या हाताने जेवणं सासूबाईंना पटेना. मग त्या पाटाशेजारी बसून भात कालवायच्या आणि त्यांना भरवायच्या, माझ्यासमोर, यजमानांसमोर. ज्या घरात नवराबायको आमच्यादेखत एकमेकांशेजारी बसतही नसत, तिथे हे चाललं होतं, आणि दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"मीठ कमी आहे," मामंजी म्हणायचे.

"असू दे. खा."

आणि ते खायचे.